किमची, सावरक्राउट, पोलिश काकडी: परदेशी लोणची घरी घालायची असतील तर

स्वयंपाकघरात डिजिटल वजनकाटा नसेल तर आधी तो घ्या, कोरियन मिरची आणि फॅन्सी काचेच्या बरण्या नंतर. व्हिडिओ बघून उत्साहाने किमची (कोरियातला मसाला लावून आंबवलेला कोबी) नाहीतर सावरक्राउट (जर्मनीकडचा नुसत्या मिठात आंबवलेला कोबी) घालतात आणि आठवड्याने बरणी उघडून "ई, सडलंय" म्हणत सगळं फेकून देतात, त्यांची भानगड बहुतेक वेळा मिठाच्या मापात असते. आपल्याला कैरीच्या लोणच्यात मीठ हाताच्या अंदाजाने घालायची सवय, आणि तिथे ते खपून जातं कारण त्यात मीठ मुळातच इतकं असतं की थोडं इकडेतिकडे झालं तरी लोणचं टिकतं. कोबी-काकडीच्या आंबवलेल्या लोणच्यांना तेवढी ढील नसते. किलोभर कोबीला २० ते २५ ग्रॅम, बस. १० घातलंत तर मऊ पडून कुजणार, ५० घातलंत तर आंबायला फार वेळ घेणार आणि खाताना तोंड खारट. चमच्याने मोजू म्हणाल तर चमचाभर खडेमीठ आणि चमचाभर बारीक मीठ यांचं वजन सारखं भरत नाही, त्यामुळे इथे चमचा उपयोगाचा नाही.

लोणचं टिकतं कशावर

जगातलं कुठलंही लोणचं घ्या, त्याला तीनपैकी एक तरी कुलूप पक्कं लावलेलं असतं: मीठ, आंबटपणा, नाहीतर हवा बंद. कैरीच्या लोणच्याला आपण तिन्ही लावतो. किलोभर फोडींना १५० ते २०० ग्रॅम मीठ, कैरी स्वतःच आंबटढोण, वर मोहरी-हिंगाचा मसाला आणि कडकडीत तापवून पूर्ण गार केलेल्या तेलाचा थर, म्हणून ते दादरा बांधून वर्षभर फडताळात सुखाने राहतं. जपानची उमेबोशी जवळपास याच जातीची, उमे म्हणजे जर्दाळूच्या भावकीतलं एक आंबट फळ, ते वजनाच्या १८-२० टक्के मिठात घालतात आणि तिकडचा पाऊस संपला की साधारण तीन दिवस कडक उन्हात वाळवतात.

दुसरा प्रकार व्हिनेगरचा. फ्रान्समधल्या बोटाएवढ्या कोर्निशों काकड्या, इंग्लंडमधले व्हिनेगरचे कांदे, मेक्सिकोच्या हालापेन्यो मिरच्या, फिलिपिन्समधली कच्च्या पपईची अचारा, आणि आपल्या शेजारचं म्हणाल तर गोव्याचं कोळंबीचं बालचांव. यात आंबटपणा बाहेरून ओतलेला असतो.

तिसरा प्रकार म्हणजे या लेखाचा मुख्य विषय. किमची, सावरक्राउट, पोलंडची काकडी, चीनमधलं सिचुआनचं पाओत्साय. यात व्हिनेगरचा थेंबही नसतो. भाजीवर मुळातच असलेले बॅक्टेरिया भाजीतली साखर खातात आणि लॅक्टिक ॲसिड तयार करतात, दही आंबट होतं ते याच ॲसिडमुळे, आणि तेच मग लोणचं टिकवतं. मिठाचं काम मुख्यतः सुरुवातीच्या दिवसांत, सडवणाऱ्या बॅक्टेरियांना दारात थोपवून धरायचं, तोवर चांगले बॅक्टेरिया जोर धरतात. पीएच म्हणजे आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं जास्त आंबट. तो ४.६ च्या खाली गेला की बोटुलिझमचा, म्हणजे जीवघेण्या अन्नविषबाधेचा, जंतू वाढू शकत नाही, आणि नीट आंबलेलं सावरक्राउट त्याच्या बरंच खाली, साडेतीनच्या आसपास जातं. म्हणजे पद्धत घाबरण्यासारखी अजिबात नाही, फक्त भाजी पाण्याच्या वर डोकं काढता कामा नये.

घाबरण्यासारखं काय आहे ते इथेच सांगून टाकते. कच्ची लसूण नुसत्या तेलात बुडवून ओट्यावर ठेवायची जी टूम निघालीये ती करू नका. तेलाने हवा तोडली, पण ना पुरेसं मीठ ना आंबट, म्हणजे बोटुलिझमच्या जंतूला जे हवं तेच आपण तयार करून दिलं. लसणीचं लोणचं करायचं तर भरपूर लिंबाचा रस आणि मीठ घालून करा, नाहीतर फ्रीजमधे ठेवा आणि दोन-चार दिवसांत संपवा.

तयारी

बरणी काचेची, रुंद तोंडाची, हात आत जाईल अशी. चिनी मातीची जुनी बरणी असेल तर उत्तमच, पण आतला चकचकीत लेप उडालेला किंवा तडकलेला असेल तर ती शोभेला ठेवा. पितळ, तांबं, ॲल्युमिनियम यांचा आंबट लोणच्याशी संबंध येऊ द्यायचा नाही. बरणी गरम पाण्याने आणि साबणाने धुवून खडखडीत वाळवा, एवढं पुरतं, हॉस्पिटलसारखं निर्जंतुक करायची गरज नाही कारण भाजीवरचे बॅक्टेरिया तर आपल्याला हवेच आहेत.

मिठाबद्दल खूप वाद घालतात लोक. आयोडीनच्या मिठाने फर्मेंटेशन होतच नाही असं ठासून सांगणारे भेटतील, पण होतं, व्यवस्थित होतं, फक्त मीठ मोकळं राहावं म्हणून त्यात जी पावडर घातलेली असते तिने पाणी जरा गढूळ दिसतं. सैंधव किंवा साधं खडेमीठ मिळालं तर ते घ्या, नाही मिळालं तर अडून बसू नका. पाणी मात्र नळाचं असेल तर उकळून गार केलेलं, कारण त्यातलं क्लोरीन बॅक्टेरियांना नको असतं.

भाजी बुडवून ठेवायला वजन लागतं. बरणीच्या तोंडातून जाईल अशी छोटी काचेची वाटी चालते, किंवा झिपची पिशवी मिठाच्या पाण्याने भरून वर ठेवा, साध्या पाण्याने नको, पिशवी गळली तर आतलं सगळं गणित बिघडेल. सिचुआनच्या घरांमधे यासाठी खास बरणी असते, तिच्या गळ्याभोवती पन्हाळीसारखा खोलगट काठ असतो, त्यात पाणी भरतात आणि झाकण त्या पाण्यात बसतं, आतला गॅस बुडबुडे काढत बाहेर जातो पण बाहेरची हवा आत येत नाही. फार हुशारीचं काम आहे. आपल्याला साध्या झाकणावर भागवायचं तर झाकण सैल ठेवा नाहीतर रोज एकदा उघडून गॅस सोडा आणि बरणीखाली ताटली ठेवा, कारण खार उतू जातोच.

आता हवामान. या सगळ्या रेसिपी थंड देशातल्या, १८ ते २२ डिग्रीला महिनाभर सावकाश आंबवायच्या. आपल्याकडे मे महिन्यात मुंबईत किंवा नागपुरात तोच कोबी चार-पाच दिवसांत आंबट होतो, पण चवीला खोली येत नाही आणि भाजी लवकर मऊ पडते. म्हणून पहिल्यांदा करणार असाल तर दिवाळीनंतर, नोव्हेंबर ते फेब्रुवारीत घाला. उन्हाळ्यात करायचंच असेल तर घरातली सगळ्यात थंड फरशी शोधा, दिवस कमी धरा आणि लवकर फ्रीजमधे टाका.

सावरक्राउट, म्हणजे हात बसवायला

जर्मनीपासून रशियापर्यंत सगळीकडे आहे हे. साहित्य दोनच: कोबी आणि मीठ. इंग्लिश दर्यावर्दी कॅप्टन कुकने १७६८ च्या एंडेव्हर जहाजाच्या सफरीवर हे पिंपंच्या पिंपं भरून नेलं होतं, खलाशांना स्कर्व्ही, म्हणजे व्हिटॅमिन सी कमी पडून होणारा आजार, होऊ नये म्हणून, आणि खलाशी त्याला हात लावेनात. तेव्हा त्याने ते फक्त अधिकाऱ्यांच्या टेबलावर रोज वाढायला सुरुवात केली, आणि आठवडाभरातच खलाशांची एवढी मागणी आली की रेशन लावावं लागलं. घरातल्या पोरांवर हा प्रयोग करून बघायला हरकत नाही.

कोबी घट्ट, जड, ताजा. वरची दोन चांगली पानं काढून बाजूला ठेवा. बाकीचा कोबी कोशिंबिरीला चिरतो त्यापेक्षा थोडा जाडसर, लांब चिरा, मग वजन करा, आणि त्याच्या २ टक्के मीठ, उन्हाळा असेल तर अडीच. परातीत घेऊन कणीक मळल्यासारखा जोर लावून दहा मिनिटं चोळा. सुरुवातीला वाटेल की याला कसलं पाणी सुटतंय, पण सुटतं, मूठ आवळली की बोटांमधून धार लागली पाहिजे. नसेल लागत तर झाकून अर्धा तास सोडून द्या आणि परत चोळा. हवं असेल तर चमचाभर शहाजिरं घाला, जर्मन लोक कॅरावे घालतात ते चवीला त्याच्या जवळचंच.

आता बरणीत थोडं थोडं घालत मुठीने ठोसून भरा, मधे हवा राहू द्यायची नाही. वर चार बोटं जागा सोडा. बाजूला ठेवलेलं पान घडी करून वर दाबा, त्यावर वजन. खार पानाच्या वर आला पाहिजे, कमी पडला तर लिटरला २० ग्रॅम मीठ या हिशोबाने पाणी करून ओता.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बुडबुडे आणि एक उग्र वास येईल, घरातले लोक विचारतील गटार तुंबलंय का, दुर्लक्ष करा. चार-पाच दिवसांत तो वास जाऊन स्वच्छ आंबट वास येतो. थंडीत दोन ते तीन आठवडे, उन्हाळ्यात आठवडाभर, मधूनमधून चव बघत राहा आणि जिभेला पटलं की फ्रीजमधे. तिथे ते काही महिने आरामात टिकतं.

शेपू घातलेली काकडी

शेपू म्हटलं की आपल्याकडे निम्मं घर ताट सोडून उठतं, पण पोलंडच्या काकडीच्या लोणच्याचा सगळा जीव शेपूतच आहे. तिथे कोवळी भाजी नाही, फुलोऱ्यावर आलेला जून शेपू वापरतात. तो बाजारात सहसा मिळत नाही, तर भाजीची जुडी घ्या आणि सोबत काष्ठौषधीच्या दुकानातून बाळंतशेपा आणा, त्या शेपूच्याच बिया. दोन्ही मिळून तो वास बरोबर येतो.

काकडीची खरी अडचण आहे. लोणच्यासाठीच्या गर्किन काकड्या भारतात, विशेषतः कर्नाटकात, भरपूर पिकतात पण बहुतेक सगळ्या परदेशी जातात. आपण बाजारातून सगळ्यात लहान, कडक, बिया न धरलेल्या गावरान काकड्या शोधायच्या. लांब हिरवी इंग्लिश काकडी घेऊ नका, लगदा होतो. आणि खरं सांगायचं तर कोवळी तोंडली या पद्धतीने काकडीपेक्षा सरस होतात, आकार बरोबर, कुरकुरीत राहतात, वर्षभर मिळतात, फक्त त्यांना दोन्हीकडून देठ काढून सुईने दोन-चार टोचे मारा म्हणजे खार आत शिरेल.

काकडी कुरकुरीत ठेवायच्या तीन गोष्टी. एक, बर्फाच्या पाण्यात तासभर बुडवून ठेवा. दोन, फुलाकडचं टोक, म्हणजे देठाच्या उलट बाजूचं, चकती काढून उडवा, भाजी मऊ करणारं एन्झाइम तिथे जास्त असतं. तीन, टॅनिन, म्हणजे पानांमधलं तुरट द्रव्य. पोलंडमधे ओकची, चेरीची किंवा काळ्या करंटची पानं घालतात. आपल्याकडे द्राक्षाची पानं चालतात, पण नाशिककडच्या बागांमधे औषधफवारणी किती असते ते माहीत आहे, त्यामुळे ओळखीच्या, बिनफवारणीच्या वेलीचीच घ्या, नाहीतर सरळ अर्धा चमचा साधी चहापत्ती फडक्याच्या पुरचुंडीत बांधून टाका. टॅनिन ते टॅनिन.

किलोभर काकड्यांना साधारण एक लिटर पाणी लागतं, त्यात ५० ग्रॅम मीठ. इथे ५ टक्के का, तर काकडी स्वतः पाण्याने भरलेली असते, खार आणि काकडी यांचं एकमेकांशी जमेपर्यंत एकूण मीठ अडीच टक्क्यांच्या आसपास येऊन थांबतं. बरणीच्या तळाशी शेपू, बाळंतशेपा एक चमचा, सात-आठ ठेचलेल्या लसूण पाकळ्या, चमचाभर मोहरी, दहा-बारा मिरी. पोलिश लोक हॉर्सरॅडिश नावाचं झणझणीत मूळ घालतात, ते इथे मिळणं कठीण, म्हणून मोहरी थोडी सढळ हाताने आणि हवा तर पांढऱ्या मुळ्याचा एक तुकडा. काकड्या उभ्या, एकमेकींना चिकटून, हलणार नाहीत अशा ठासून बसवा, वर परत शेपू, मग खार, मग वजन.

तीन-चार दिवसांत काकडी वरून पिवळट-हिरवी आणि आतून अजून पांढरट असते, हलकी खारट-आंबट. पोलंडमधे हा टप्पा वेगळ्या नावाने विकतात आणि उन्हाळ्यात मुद्दाम असाच खातात. पूर्व युरोपातून गेलेल्या ज्यू लोकांनी न्यूयॉर्कमधे हीच काकडी नेली, तिथल्या दुकानांत अर्धी आंबट आणि पूर्ण आंबट अशा दोन्ही मिळतात. पूर्ण आंबटला आपल्या थंडीत आठ-दहा दिवस. खार दुधासारखा गढूळ होणार, तो तसाच व्हायला हवा.

किमची, जरा वेळ काढून

कोरियात नोव्हेंबरच्या सुमाराला अख्खं कुटुंब आणि शेजारी मिळून हिवाळ्याची किमची घालतात, त्याला किमजांग म्हणतात. दक्षिण कोरियाचं किमजांग २०१३ मधे आणि उत्तर कोरियाची किमची करायची परंपरा २०१५ मधे युनेस्कोच्या यादीत गेली. लाल रंग मात्र तसा अलीकडचा, मिरची कोरियात पोचली तीच सोळाव्या शतकाच्या शेवटी, त्याआधी किमची बिनमिरचीची असायची आणि अजूनही बेक किमची म्हणून पांढरी करतात, लहान मुलांना तीच देतात. मुळ्याच्या चौकोनी फोडींची कक्दुगी, पाणीदार डोंगचिमी, असे कितीतरी प्रकार आहेत, पण आपण नेहमीचीच करू.

लांबट चायनीज कॅबेज २ किलो. मोठ्या भाजीवाल्याकडे किंवा सुपरमार्केटमधे मिळतो. देठाकडून चीर देऊन हाताने फाडत उभे चार भाग करा, देठ तसाच राहू द्या म्हणजे पानं सुटी होणार नाहीत. पाण्यातून काढून १५० ते २०० ग्रॅम खडेमीठ पानापानांत भुरभुरवा, पांढऱ्या जाड देठाकडे जास्त, हिरव्या भागाकडे नावाला. चार ते सहा तास ठेवा, दर तासा-दीड तासाने उलटंपालटं करा. तयार झालं की नाही ते कसं ओळखायचं: पांढरा भाग धरून वाकवा, कडकन मोडला तर अजून वेळ आहे, रबरासारखा वाकला की झालं. मग तीन वेळा भरपूर पाण्यात धुवा. एक तुकडा चावून बघा, नुसता खाल्ला तर खारट लागावा पण थुंकावासा वाटू नये. चाळणीत पालथं घालून तासभर पाणी निथळू द्या, हा वेळ वाचवायला जाऊ नका, ओला कोबी राहिला की मसाला पातळ होऊन सगळा खाली जातो.

तोवर मसाला. दोन टेबलस्पून तांदळाची पिठी दीड कप पाण्यात कालवून खळ शिजवा आणि पूर्ण गार करा. खळ म्हणजे बॅक्टेरियांना खाऊ, आणि मसाला पानांना धरून राहतो. त्यात घाला: १५ पाकळ्या लसूण, इंचभर आलं, अर्धा कांदा आणि अर्धं सफरचंद किंवा नाशपाती हे सगळं वाटून, ४ टेबलस्पून फिश सॉस, आणि कोरियन मिरची म्हणजे गोचुगारू ८० ते १०० ग्रॅम.

गोचुगारू ऑनलाइन मिळतं आणि चवीत फरक पडतो हे मान्य, पण परवडत नसेल तर ब्याडगी मिरच्या उन्हात कडक करा, बिया झाडून टाका आणि मिक्सरला पल्स देत जाडसर भरड काढा. रंग झकास येतो. बारीक तिखट पूड चालणार नाही, त्याने लाल चिखल होतो, आणि लवंगी तर लांबच ठेवा, इथे मिरची रंगासाठी आणि फळासारख्या गोडसर चवीसाठी आहे, जाळ काढायला नाही.

कोरियन लोक फिश सॉससोबत बारीक कोळंबीचं खारवलेलं लोणचं घालतात. ते नसलं तर कोकणातला सुका जवळा मूठभर, निवडून धुवून, थोड्या गरम पाण्यात भिजवून वाटून घाला. अगदी तीच चव येत नाही कारण त्यांची कोळंबी खारात मुरलेली असते, पण समुद्राची जी खोली हवी ती येते. शाकाहारी करायची तर फिश सॉसऐवजी सोया सॉस, आणि दोन सुक्या शिटाके मशरूमचं भिजवलेलं पाणी खळीसाठी. कोरियातल्या बौद्ध मठांमधे तर किमचीत मासे नसतातच, लसूण आणि कांद्याची पातही नसते, त्यामुळे चातुर्मासात कांदा-लसूण बंद ठेवणाऱ्यांनी आलं, सफरचंद आणि मुळा यांच्यावर बिनधास्त करावी.

मसाल्यात पांढरा मुळा ३०० ग्रॅम काड्या करून आणि कांद्याच्या पातीची एक जुडी इंच-इंच चिरून मिसळा. आता हातमोजे घाला, हा सल्ला नाही, सूचना आहे. कोबीचा एकेक भाग घेऊन बाहेरच्या पानापासून आतपर्यंत प्रत्येक पानाला मसाला चोळत जा, पांढऱ्या भागाला जास्त. शेवटी बाहेरचं मोठं पान भोवती गुंडाळून गाठोडं करा आणि बरणीत दाबून बसवा. बरणी तीन चतुर्थांशच भरा. मसाल्याच्या भांड्यात चिमूटभर मीठ आणि थोडं पाणी फिरवून तेही वर ओता, मसाला वाया कशाला घालवायचा.

बाहेर ठेवायचं थंडीत दोन दिवस, उन्हाळ्यात एक दिवस फार झाला. रोज स्वच्छ चमच्याने दाबा, बुडबुडे वर आले आणि आंबूस वास सुटला की फ्रीजच्या सगळ्यात खालच्या, थंड कप्प्यात. कोरियन घरांमधे किमचीचा वेगळा फ्रीज असतो, १९९५ मधे तसा एक बाजारात आला आणि घरोघरी पोचला, तो शून्याच्या आसपास तापमान धरून ठेवतो म्हणून तिकडची किमची महिनोन्महिने टिकते. आपल्या नेहमीच्या फ्रीजमधे दोन-तीन आठवड्यांत ती ऐन रंगात येते आणि दीड-दोन महिन्यांनी खूप आंबट होते. तेव्हा फेकायची नाही. आंबट किमची तेलावर परतून त्यात शिळा भात घाला, वर अंडं फोडा. टोफू नाहीतर डुकराचं मांस घालून तिचा रस्सा करतात तोही जुन्या किमचीचाच चांगला होतो, ताज्या किमचीचा बेचव लागतो. शिजवली की जिवंत बॅक्टेरिया मरतात हे खरं, पण चवीला कुठे जिवंत राहावं लागतं.

मोरोक्कोची लिंबं

सगळ्यात कमी कटकटीचा प्रकार. आपलं उपासाचं लिंबाचं लोणचं येत असेल तर हे आलंच म्हणून समजा, फक्त तिखट नाही, साखर नाही आणि खायची असते ती साल. कागदी लिंबं घ्या, पातळ सालीची, डाग नसलेली. देठाकडे जोडलेलं राहील असं उभं चार भागांत कापा, प्रत्येकात टीस्पूनभर मीठ भरा, बरणीत गच्च दाबा आणि वरून एवढा लिंबाचा रस ओता की सगळी बुडतील. पहिला आठवडा रोज बरणी उलटीसुलटी करा. चार आठवड्यांनी साल मऊ, थोडी पारदर्शक होते. वापरताना धुवायची, आतला गर काढून टाकायचा आणि साल बारीक चिरून मटणाच्या रश्शात, वरणात, उकडलेल्या बटाट्याच्या सॅलडमधे घालायची. थोडीच घाला, वास जबरदस्त असतो.

व्हिनेगरचं झटपट

आंबवायला धीर नसेल तर व्हिएतनामची गाजर-मुळ्याची लोणची करा, बान्ह मी नावाच्या त्यांच्या सँडविचमधे असतात ती. दोन्हीच्या काड्या करा, चमचाभर मीठ आणि दोन चमचे साखर चोळा, मुळ्याची काडी दुमडून दोन्ही टोकं जुळली की धुवून पिळा. कपभर व्हिनेगर, कपभर कोमट पाणी, पाव ते अर्धा कप साखर, एक चमचा मीठ विरघळवून ओता, तासाभरात खायला तयार. बाटलीवरचा ॲसिडिटीचा आकडा वाचा, ४ ते ५ टक्के हवा. हे फ्रीजमधलंच लोणचं, दोन-तीन आठवड्यांत संपवायचं, पाणी घातलेलं व्हिनेगर फडताळात ठेवायला पुरेसं आंबट नसतं.

व्हिनेगर, मोहरी आणि हळद एकत्र आली की मात्र भारताची आठवण होणारच. इंग्रजांचं पिकॅलिली म्हणजे अठराव्या शतकात भारतीय लोणच्याची त्यांनी केलेली नक्कल. मॉरिशसमधल्या मराठी घरांतही तिथलं अचार्द करतात, कोबी-गाजर-फरसबी वाफवून मोहरी, हळद, तेल आणि व्हिनेगरमधे. आणि इराकमधे फलाफलवर ओततात ते हळद-मेथीचं आंब्याचं लोणचं, अंबा, ते मुंबईत व्यापार करणाऱ्या बगदादी ज्यूंबरोबर तिकडे गेलं असं सांगतात.

नुकाझुके, म्हणजे जपानी भाताच्या कोंड्यात पुरलेल्या भाज्या, करून बघायचा मोह होईल. तो कोंडा रोज हाताने ढवळावा लागतो, आणि आपल्या उन्हाळ्यात दिवसातून दोनदा. चार दिवस गावाला जाणाऱ्यांचं ते काम नाही.

फेकू की ठेवू

वरती पांढरी, सपाट, सुरकुतलेली साय आली तर ती यीस्ट, चमच्याने काढून टाका, खाली चव बघा, चांगली असेल तर चालू द्या. केसाळ, उंच, हिरवी, काळी किंवा गुलाबी बुरशी आली तर वरचा थर काढून खालचं वाचवायच्या फंदात पडू नका, सगळं टाका. खार तारेसारखा चिकट झाला, भाजी बोटाने दाबताच फसकली, वास आंबट न येता कुजका आला, तेव्हाही टाका, बहुतेक मीठ कमी पडलंय किंवा उष्णता जास्त झालीये. लसूण निळी-हिरवी पडली तर घाबरू नका, तिच्यातल्या गंधकाच्या संयुगांची आंबटाशी होणारी प्रक्रिया आहे, खायला काही होत नाही.

आणि ही सगळी लोणची खारट आहेत हे विसरून वाटी वाटी खाऊ नका, ब्लडप्रेशरवाल्यांनी तर ताटाच्या डाव्या बाजूची शिस्त पाळावीच. पारंपरिक आशियाई लोणच्याच्या भाज्यांना जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सरविषयक संस्थेने 'कदाचित कॅन्सरकारक' अशा २बी गटात ठेवलंय, त्यामुळे प्रोबायोटिक म्हणून दोन्ही वेळेला ओरपणाऱ्यांनी जरा हात आखडावा.

उरलेला खार ओतून देऊ नका. काकडीचा खार दोन चमचे पुढच्या बरणीत घातला तर ती लवकर चालू होते. पोलंडमधे त्याचंच सूप करतात: बटाटे आणि गाजर शिजवायचं, आंबट काकडी किसून लोण्यावर परतून त्यात घालायची, शेवटी वाटीभर खार आणि थोडी साय. मीठ आधी घालू नका, खारातच भरपूर असतं.